कोंबांच्या खोलीतली हाक

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात तळघरात उतरायचं म्हटलं की युन-रू घाबरायची, आणि फान ताईचं सगळं काम नेमकं तळघरात. वर तैपेईचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. संशोधन संस्थेच्या अंगणात पूजेची टेबलं लागली होती. त्यांवर बिस्किटांचे पुडे, शेवयांची पाकिटं, माशांचे डबे असा सगळा थाट होता आणि उदबत्त्यांचा धूर ग्रंथालयाच्या खिडक्यांतून आत शिरत होता. या महिन्यात पलीकडचं दार उघडतं आणि ती मंडळी इकडे फिरायला येतात. त्यांना भूत म्हणायचं नाही. भाऊमंडळी म्हणायचं, पोटभर खाऊ घालायचं आणि आल्या वाटेने जाऊ द्यायचं.

संस्थेत याला कोणी हसत नसे. उजेड ओळखणाऱ्या प्रथिनांवर ज्यांचा शब्द जगभर मानतात, ते वेई सरसुद्धा सकाळी दोन्ही हातांत उदबत्ती धरून, डोळे मिटून, यंदा तरी मोठा फ्रीझर बंद पडू देऊ नका म्हणून विनवून आले होते. प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट असे. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं. पाकीट हिरवंच हवं, पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं. फान ताईही आपल्या यंत्रावरचं पाकीट मुदत संपायच्या आत न चुकता बदलायची. ती हसायची ते फक्त युन-रूला, कारण युन-रूची भीती कामाच्या आड यायची.

युन-रू नानफांगआओ बंदरावरची. तिचा धाकटा मामा एकदा याच महिन्यात होडीवर जाळं ओढत होता. पाण्याच्या बाजूने कोणीतरी त्याला पूर्ण नाव घेऊन हाक मारली आणि मामाने ओ दिली. बाकीचे खलाशी शपथेवर सांगत की हाक त्यांनीही ऐकली होती, फक्त ते गप्प राहिले. मामा परत आला नाही. तेव्हापासून आईचा एकच धोशा होता की अंधारात कोणी पूर्ण नाव घेतलं तर ओ द्यायची नाही, वळायचं नाही, श्वास धरून उभं राहायचं. सातवा महिना लागला की आई फोनवर जेवलीस का विचारायच्या आधी हे बजावायची. युन-रू डॉक्टरेटच्या उंबरठ्यावर होती, पण भीती काही पदवी विचारून येत नाही.

आणि काम पडलं होतं ते कोंबांच्या खोलीत. फान ताई त्या प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी संशोधक, चाळिशीला आलेली, किरकोळ अंगाची, तोंडाने फटकळ. मिट्ट काळोखात ती स्वतःच्या स्वयंपाकघरात वावरावी तशी वावरायची. गेली कित्येक वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती. अंधारात उगवलेल्या कोंबाला आयुष्यात पहिल्यांदा उजेड दिसला की त्याच्या आत सगळ्यांत आधी कोणतं जनुक जागं होतं?

अंधारातला कोंब दिसायला केविलवाणा असतो. पांढराफटक, लांबच लांब, मान वाकवलेली, दोन पानं घट्ट मिटलेली. सगळी शिदोरी तो उंच होण्यात घालवतो, कारण वर कुठेतरी उजेड असणार एवढंच त्याला ठाऊक असतं. हिरवं होण्याचा सगळा कारभार त्याच्यात तयार असतो, पण त्यावर करकचून ब्रेक लावलेला असतो. तांबडा उजेड अंगाला लागला की त्याच्यातलं एक प्रथिन आकार बदलतं, पेशीच्या गाभ्यात शिरतं आणि ब्रेक मोडून टाकतं. काही मिनिटांत शेकडो जनुकं बोलायला लागतात, शेकडो गप्प होतात. मग त्याला उजेड पाहिलाच नव्हता असं करता येत नाही. मोबाइलचा पडदा क्षणभर चमकला तरी आठवड्याची मेहनत पाण्यात.

म्हणून त्या खोलीचे नियम कडक होते. आधी बाहेरचं दार, मग दोन माणसं जेमतेम मावतील एवढी काळी मधली खोली, मग आतलं दार. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत एक मिणमिणता हिरवा दिवा, कारण हिरवा रंग कोंबांना सगळ्यांत कमी कळतो, आणि तोही फान ताईने कागदाने झाकून आणखी मिणमिणता केलेला. हवेतला प्राणवायू कमी झाला तर बोंब मारणारं एक यंत्र तिथे भिंतीवर होतं. पण त्यावर एक बारीक लाल दिवा होता, आणि लालच तर कोंबांना सगळ्यांत जास्त दिसतो. ताईने ते यंत्र काढून बाहेर कॉरिडॉरमध्ये टांगलं होतं. तिथली हवा अर्थातच नेहमी उत्तम असायची. सुरक्षेचे साहेब एकदा कुरकुरले, तेव्हा एवढा प्रयोग झाला की लावते परत, असं ताईने त्यांना सांगितलं होतं. प्रयोग काही संपत नव्हता.

मधल्या खोलीत आलेल्या माणसाने 'येऊ?' म्हणायचं आणि आतून 'ये' आल्यावरच दार उघडायचं, हाही नियम. महिना लागला त्या दिवशी आतून नेहमीसारखं "ये, युन-रू" आलं, आणि युन-रू जागच्या जागी थिजली. ताईला आत ताटकळावं लागलं. बाहेर आल्यावर आधी तिने यथेच्छ टिंगल केली, मग मामाची गोष्ट ऐकली, आणि ऐकल्यावर थोडी नरमली.

"बरं बाई," ती म्हणाली. "हा महिना संपेस्तोवर खाली तुझं नाव घेणार नाही. कोंबा म्हणेन. कोंबा म्हटलं की मी. नाव घेतलं की तुझी भाऊमंडळी, खुशाल गप्प बस."

टोमणाच होता तो, पण ताईने शब्द पाळला. महिनाभर आतून "ये रे कोंबा" येत राहिलं आणि युन-रूचं काम सुरळीत चाललं. आपली भीती कोणीतरी हसत हसत का होईना पण सांभाळतंय, याचं तिला मनापासून बरं वाटायचं.

पूजेच्या त्या दिवशी ताईचा शेवटचा फेरा होता. कोंबांना तांबड्या उजेडाचा एक झोत द्यायचा, मग ठरावीक अंतराने थोडे थोडे उपटून द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे. नायट्रोजन इतका थंड की कोंब त्या क्षणाला जसा असेल तसाच गोठतो, आणि कोणती जनुकं तेव्हा बोलत होती ते नंतर सावकाश वाचता येतं. नायट्रोजनची कंबरभर उंचीची टाकी ताईने सोयीसाठी आतच घेतली होती. युन-रूला नळ्यांचा नवा खोका आणायला पाठवलं होतं.

खोका घेऊन ती मधल्या खोलीत शिरली, बाहेरचं दार नीट लावलं आणि काळोखात उभी राहिली. "येऊ?" असं तिने विचारलं तेवढ्यात जमीन हलली.

तैपेईत असल्या धक्क्याला कोणी हातातल्या चॉपस्टिकसुद्धा खाली ठेवत नाही. पण युन-रूने असा धक्का काळोखात कधी अनुभवला नव्हता. भिंत हाताखालून सरकली, आतल्या बाजूला काहीतरी जड धाडकन पडलं, काचा फुटल्या आणि मग सगळं थांबलं. तिने पुन्हा "येऊ?" म्हटलं. उत्तर आलं नाही. त्यात नवल नव्हतं. ताई मिनिटं मोजत असली की शेजारी इमारत कोसळली तरी बोलायची नाही. मागे एकदा अशाच वेळी युन-रू दार उघडून बसली होती आणि त्यानंतर आठवडाभर ताईने तिच्याशी कामापलीकडे एक शब्द काढला नव्हता. म्हणून ती थांबली.

मग दारापलीकडून सूं सूं असा आवाज येऊ लागला. दाराच्या तळाशी हवेसाठी वेडीवाकडी झडप होती, उजेड अडवणारी पण वारा सोडणारी. तिच्यातून काहीतरी गार बाहेर आलं आणि युन-रूच्या घोट्यांना लागलं. वाऱ्याची झुळूक येते तसं नव्हतं ते. संथपणे, जमिनीलगत, जणू कोणी चाचपत यावं तसं आलं आणि पोटऱ्यांवर चढू लागलं. ती मागे सरकली. मागे लगेच भिंतच होती.

तेव्हा हाक आली.

"जिआन युन-रू."

आवाज खालून आला, तिच्या गुडघ्यांच्या उंचीवरून. जड, ओढलेला, दारू प्यायलेल्या माणसासारखा. आणि सूर भलतेच. शहरात कोणी असं नाव घेत नाही. कुठल्या तरी खेड्यातल्या जुन्या माणसाने घ्यावं तसं ते नाव होतं, पूर्ण, आडनावासकट.

ताई नाव घेणार नव्हती. ताईने शब्द दिला होता, महिनाभर एकदाही मोडला नव्हता. म्हणजे ही ताई नव्हे. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि श्वास रोखला. खोका कधीच खाली पडला होता. गारवा आता गुडघ्यांपर्यंत आला होता.

हाक पुन्हा आली. या वेळी आडनाव अर्धंच, आणि त्यापाठोपाठ दारावर खालच्या बाजूला नखांनी खरवडल्यासारखं काही. थोडं खरवडणं, मग थांबणं, मग पुन्हा थोडं. युन-रूला मामाचा चेहरा आठवेना, फक्त त्याची रबरी चप्पल आठवत राहिली. बाहेरचं दार उघडून पळावं, तर पाठ वळवावी लागणार होती. तिने पाठ भिंतीला आणखी घट्ट चिकटवली आणि मनातल्या मनात आईला हाका मारल्या.

मग खरवडणं थांबलं. सूं सूं मात्र चालूच राहिलं.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. तिला जांभई आली. एवढ्या भीतीत जांभई कशी येते याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. डोकं हलकं झालं होतं, पायांची बोटं बधिर. आणि त्या हलक्या डोक्यात, कुठून कोण जाणे, ताईचा रविवारचा फोन आला. फान ताई वेगळी बोली बोलणाऱ्या हक्का लोकांतली, ग्वानशी गावाकडची. प्रयोगशाळेत ती सगळ्यांसारखीच बोलायची, पण रविवारी आईचा फोन आला की कोपऱ्यात तोंड करून गावच्या बोलीत सुरू व्हायची, आणि त्या बोलीत बोलताना आमच्यात एक जिआन युन-रू आहे, भारी भित्री आहे, असं काहीबाही सांगून हसायची. तेच सूर. अगदी तेच.

गारवा, जांभई, खालून येणारा आवाज. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, तो माणसाला गुदमरल्याचं कळू देत नाही, नुसता झोपवतो. हे पहिल्या आठवड्यातल्या शिकवणीत तिने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं.

तिने बाहेरचं दार ढकललं. कॉरिडॉरचा उजेड डोळ्यांत घुसला. तिने एक मोठा श्वास भरून घेतला, वळली, आत शिरली, आणि तिच्या हाताने सवयीने बाहेरचं दार आधी ओढून लावलं. पुन्हा मिट्ट काळोख. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. चार वर्षं हाताला हेच वळण लागलं होतं आणि आता हात ऐकत नव्हता. ती स्वतःवर ओरडली. त्या ओरडण्यात भरलेला श्वास गेला. पुन्हा बाहेर, पुन्हा श्वास, या वेळी दाराच्या फटीत आपली चप्पल कोंबली, आणि आतलं दार ओढलं.

दारामागून ताईचा हात बाहेर पडला. हात पडावा तसा नाही, वस्तू पडावी तसा. जमिनीवर पांढरं धुकं होतं, त्यात टाकी आडवी, ताईचा एक पाय टाकीखाली. युन-रूने वाकून तिची कॉलर धरली आणि ओढली. पाय निघेना. छाती फुटायला आली. तिने पायाने टाकी लोटली, पुन्हा ओढलं, आणि दोघी एकमेकींवर कोसळत कॉरिडॉरमध्ये येऊन पडल्या. भिंतीवरचं ते यंत्र आता बोंबलू लागलं, उशिरा का होईना. वरून रखवालदार धावत आला. ताईचे ओठ निळे होते. रखवालदाराने तिची छाती दाबायला घेतली आणि युन-रू तिच्या डोक्याशी बसून ओ ताई, ओ ताई म्हणत राहिली, कारण तिला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

रुग्णवाहिका गेली. आत आता धोका नाही अशी खात्री करून घेतल्यावर संध्याकाळी सुरक्षेच्या माणसांनी युन-रूला खोलीत काय काय होतं ते दाखवायला बोलावलं. दोन्ही दारं सताड उघडी, सगळे दिवे लागलेले. फळीवरच्या तबकांत कोंबांनी माना वर केल्या होत्या. मिटलेली पानं उघडली होती आणि त्यांवर हिरवी छटा चढली होती. कित्येक वर्षांचा प्रयोग गेला होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं, उजेड दिसला होता, ते कामाला लागले होते. युन-रूला त्यांच्याकडे बघवेना. वेई सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की ही नसती तर आज आपण फानला गमावलं असतं. तिला वाटलं, आत्ता इथेच सांगून टाकावं. पण जीभ उचलली नाही.

पुढचे दिवस ती भीती तशीच राहिली, फक्त तिचं तोंड बदललं. आधी ताई वाचते की नाही याची भीती. मग ताई शुद्धीवर आली, पायाची दोन बोटं गेली पण बाकी सगळी शाबूत आहे असं कळलं, आणि मग ताईला काय आठवतंय याची भीती. इस्पितळात ताईच्या आईने युन-रूचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, वाळवलेल्या पर्सिमन फळांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि त्याच बोलीत, त्याच सुरांत, बाळा, तू माझी मुलगी परत दिलीस असं म्हणाली. तो आवाज ऐकून युन-रूला दरदरून घाम फुटला.

तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. आई खाली गरम पाणी आणायला गेलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कोंब गेल्याचं ताईला कोणीतरी सांगितलं होतं. तिने त्याबद्दल एक शिवी हासडली आणि विषय संपवला.

मग म्हणाली, "मला धड काही आठवत नाही. टाकी पडली ते आठवतं. दारापर्यंत हात लांबवला असेल. मी हाक मारली होती का गं तुला?"

युन-रूने तिच्याकडे पाहिलं. ताईच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता, ती नुसतं विचारत होती. नाही म्हटलं असतं तर ते कायमचं मिटलं असतं. काळोखात तिसरं कोणी नव्हतं.

"मारलीस," ती म्हणाली. "दोनदा. पूर्ण नाव घेऊन."

ताईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू उतरत गेलं. ती हुशार बाई होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"कुठे होतीस तू?"

"दाराशी. बाहेरच्या बाजूला."

"किती वेळ?"

"माहीत नाही, ताई. मी खूप घाबरले होते."

ताईने मान हलवली. तिने रागावावं, ओरडावं, हातातला पेला फेकावा असं युन-रूला वाटत होतं. तसं काही झालं नाही. ताई पांघरुणाची कड नीट करत बसली.

"मला एवढंच आठवत होतं," ती शेवटी म्हणाली, "की तू नळ्या आणायला वर गेली आहेस. आपण एकटेच आहोत. कोणी ऐकणारं नाही, मग काय करणार, असं वाटून मी डोळे मिटले. त्यात भीती नव्हती गं. आता वाटेल."

आई गरम पाणी घेऊन आली. तिने दोघींकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं की पोरीला काही खायला दिलंस की नाही. ताई पांघरुणाची कड दुमडत राहिली. तेव्हा म्हातारीने स्वतःच एक पर्सिमन काढून युन-रूच्या हातावर ठेवला आणि ती खाते की नाही ते बघत समोर उभी राहिली.